जिन्यावरून पडलेली तोकिको : ‘वाऱ्यातली कोंबडी’ची पार्श्वभूमी

जिना अरुंद आहे, उभा आहे. रागाच्या भरात नवरा ढकलतो आणि बायको वरच्या पायरीवरून गडगडत थेट तळाशी येऊन पडते. तो काही पायऱ्या उतरतो, तिला हाक मारतो, पण खालपर्यंत येत नाही. कॅमेरा जागचा हलत नाही. मग ती आपली आपणच उठते आणि लंगडत तोच जिना पुन्हा चढू लागते.

जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझूच्या ‘काझे नो नाका नो मेंदोरी’, म्हणजे ‘वाऱ्यातली कोंबडी’, या चित्रपटातला हा प्रसंग. शोचिकू कंपनीचा हा चित्रपट सप्टेंबर 1948 मध्ये आला. शांत बैठका, चहा आणि लेकींची लग्नं एवढाच ओझू ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा प्रसंग हादरवून टाकतो. तो कुठून आला हे समजून घ्यायचं तर त्या तीन-चार वर्षांतल्या जपानकडे पाहावं लागतं.

15 ऑगस्ट 1945 ला शरणागती जाहीर झाली तेव्हा साठ लाखांहून जास्त जपानी माणसं देशाबाहेर अडकलेली होती, त्यातली निम्म्याच्या आसपास सैनिक. कुणी चीनमध्ये, कुणी दक्षिणेकडच्या बेटांवर, काही लाख सैबेरियात सोव्हिएत छावण्यांमध्ये. त्यांना परत आणण्याचं काम वर्षानुवर्षं चाललं. घरी बायका वाट पाहत होत्या, आणि नवरा जिवंत आहे की नाही हेसुद्धा अनेकींना माहीत नव्हतं. चित्रपटातली तोकिको त्यांच्यातलीच एक. लहानग्या हिरोशीला घेऊन ती वरच्या मजल्यावर भाड्याच्या खोलीत राहते आणि एकेक किमोनो विकून दिवस काढते. अशा जगण्याला तेव्हा ‘ताकेनोको’ जगणं म्हणत. ताकेनोको म्हणजे बांबूचा कोंब. त्याची सालं एकामागून एक सोलावी, तसे अंगावरचे कपडे एकेक करून बाजारात जायचे. रेशनवर पोट भरत नव्हतं आणि काळ्या बाजारातले भाव परवडत नव्हते. काळ्या बाजारातलं अन्न खाणार नाही असं ठरवलेले तोक्योतले एक न्यायाधीश, योशितादा यामागुची, ऑक्टोबर 1947 मध्ये उपासमारीने गेले. न्यायाधीशाची ही गत, तर एकट्या बाईचं काय?

अशात हिरोशी आजारी पडतो. सर्व नागरिकांना आरोग्य विम्याचं छत्र मिळायला जपानमध्ये 1961 उजाडावं लागलं. 1948 मध्ये दवाखान्याचं बिल म्हणजे रोख पैसे. विकायला काही उरलेलं नसताना तोकिको एका रात्रीपुरती स्वतःला विकते. पोर वाचतं. मग नवरा, शुइची, युद्धावरून परततो, आणि तिला खोटं बोलता येत नाही.

इथे कायद्याची बाजू ध्यानात घ्यायलाच हवी. जुन्या दंडविधानात विवाहित स्त्रीचा व्यभिचार हा तुरुंगवासाचा गुन्हा होता आणि फिर्याद नवऱ्याने करायची. नवरा अविवाहित बाईकडे गेला तर त्याला हे कलम लागू नव्हतं. 1947 च्या नव्या राज्यघटनेने पती-पत्नीचे हक्क समान ठरवले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये ते कलम रद्द झालं, आणि 1 जानेवारी 1948 पासून नवा नागरी कायदा पूर्णपणे लागू होऊन घराच्या कर्त्याची जुनी सत्ताही संपली. कागदावर तोकिको नवऱ्याच्या बरोबरीची झाली होती. शुइचीच्या मनातलं जुनं कलम मात्र तसंच होतं. मित्र समजावतो, त्यालाही पटतं, तरी हात थांबत नाहीत.

हा झगडा ओझूच्या आधी जपानी साहित्यात येऊन गेला होता. नाओया शिगा हा ओझूचा अतिशय आवडता लेखक. त्याच्या ‘आन्या कोरो’ या दीर्घ कादंबरीत पत्नीची चूक आपण माफ केली आहे असं मानणारा नायक, ती धावत्या गाडीत चढत असताना तिला ढकलून देतो. गाडीच्या दाराच्या जागी जिना ठेवला की ‘वाऱ्यातली कोंबडी’तला तो क्षण तयार होतो.

ओझू स्वतःही परतलेला सैनिकच. 1937 ते 1939 तो चीनच्या आघाडीवर होता. 1943 मध्ये त्याला सिंगापूरला धाडलं. तिथे सुभाषबाबूंच्या लढ्यावर ‘दिल्लीकडे, दिल्लीकडे’ अशा नावाचा चित्रपट करायची योजना होती, ती पुरी झाली नाही. युद्धकैदी म्हणून दिवस काढून तो फेब्रुवारी 1946 मध्ये मायदेशी आला. शुइचीने बाहेर काय पाहिलं, काय केलं, याबद्दल चित्रपट चकार शब्द काढत नाही. मला हे मौन फार बोलकं वाटतं. जाब फक्त बायकोला विचारला जातो.

चित्रपटातली सर्वांत सुंदर जागा मात्र याच शुइचीच्या वाट्याला आली आहे. तोकिको त्या रात्री ज्या घरी गेली होती तिथे तो स्वतः जातो. शेजारी शाळा आहे, मुलांची गाणी खिडकीतून आत येतात. समोर एक एकवीस वर्षांची मुलगी बसलेली. तिच्या घरच्या अडचणी ऐकून तो तिला दुसरं काम शोधून द्यायचं कबूल करतो. परक्या मुलीला समजून घेणं त्याला जमतं, आणि घरी आल्यावर तोच माणूस बायकोला ढकलतो. शेवटी दोघं एकमेकांना मिठी मारतात, झालं गेलं विसरू म्हणतात. पश्चात्ताप त्याला होतो, पण चढून वर तीच आलेली असते.

ओझूने पुढे हा आपला फसलेला चित्रपट मानला. जुना स्नेही आणि पटकथाकार कोगो नोदा याने त्यावर परखड टीका केली आणि ती ओझूला पटली. 1949 च्या ‘बानशुन’ या चित्रपटापासून शेवटपर्यंत त्याने प्रत्येक पटकथा नोदाबरोबरच लिहिली, आणि त्याच्या चित्रपटांतून जिनाही जवळपास दिसेनासा झाला. त्या चित्रपटांवर माझं मनापासून प्रेम आहे, तरी या ‘फसलेल्या’ चित्रपटाइतकं खरं धाडस त्यात मला क्वचितच दिसतं.

तोकिको झालेली किनुयो तानाका हिने 1948 मध्येच दिग्दर्शक मिझोगुचीच्या ‘योरु नो ओन्नाताची’ या चित्रपटात ओसाकाच्या रस्त्यावर उभी राहणारी युद्धविधवाही साकारली होती. पुढे ती स्वतः दिग्दर्शनाकडे वळली. 1953 चा तिचा पहिला चित्रपट ‘कोइबुमी’, म्हणजे प्रेमपत्र. त्यातही युद्धावरून परतलेला एक पुरुष आहे, आणि एका अमेरिकनाबरोबर राहिलेल्या आपल्या जुन्या प्रेयसीला तो माफ करू शकत नाही. शेवटी तिला अपघात होतो. या वेळी मात्र तो वर उभा राहत नाही, तिच्याकडे जायला निघतो.