झडपेपासून रंग बदलणाऱ्या काचेपर्यंत

जुन्या घरांतल्या लाकडी झडपांच्या खिडक्या अजून कुठे कुठे दिसतात. दुपारी पट्ट्या मिटायच्या, वारा सुटला की उघडायच्या, वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारायचं. हवामानाप्रमाणे बदलणारी भिंत आपल्याकडे होतीच, फक्त बदल करणारा हात घरातल्याच कुणाचा तरी असे. काचेच्या बंद इमारती आल्या आणि हा हात सुटला. पुढचा सगळा इतिहास त्या हाताची जागा कशाने भरून काढायची, याचा आहे.

त्यातला पहिला मोठा फजितवाडा पॅरिसचा. 1933च्या डिसेंबरात तिथे सॅल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेचं बेघरांसाठीचं आश्रयगृह सुरू झालं. वास्तुकार ल कॉर्ब्युझिए. दक्षिणेची अख्खी भिंत काचेची आणि न उघडणारी! मूळ कल्पनेत काचेचे दोन थर होते, मधून गरम किंवा थंड हवा खेळवायची होती. पण पैसे पुरले नाहीत. दुसरी काच गेली, हवा थंड करणारी यंत्रणाही गेली. हिवाळा बरा गेला. उन्हाळ्यात आतली माणसं उकडून निघाली. शेवटी उघडणाऱ्या खिडक्या बसवाव्या लागल्या आणि महायुद्धानंतरच्या दुरुस्तीत बाहेरून ऊन अडवणारे काँक्रीटचे आडोसे आले. अहमदाबादच्या मिल मालक संघाच्या इमारतीवर आणि चंडीगडला त्यांनी केलेले खोल आडोसे पाहताना ही फजिती आठवल्याशिवाय राहत नाही.

आडोसा बाहेरूनच हवा, यामागे साधं कारण आहे. पडदा आत लावला, तर ऊन काचेतून आत आलेलंच असतं. पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. पण काँक्रीटचा आडोसा ढगाळ दिवशीही तितकाच अंधार करतो. म्हणून तो हलता करण्याचा विचार आला. 1987 साली पॅरिसमध्येच अरब जगत संस्थेची इमारत उभी राहिली. ज्याँ नुव्हेल आणि सहकाऱ्यांनी तिच्या दक्षिण भिंतीत अरबी जाळीच्या, म्हणजे मशरबियाच्या धर्तीवर धातूच्या हजारो झडपा बसवल्या. कॅमेऱ्याच्या छिद्रासारख्या त्या प्रकाशानुसार उघडमीट करत. दिसायला अप्रतिम, पण पुढे बऱ्याच अडकून पडल्या आणि 2017 साली त्यांची मोठी दुरुस्ती झाली. हलणारा भाग म्हटला की देखभाल आली. 2012 साली अबू धाबीच्या अल बहर मनोऱ्यांवर उघडमीट करणारी छत्र्यांसारखी जाळी आली, तिलाही हा नियम चुकत नाही.

दुसरी वाट रसायनाची. भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ सत्येन देब अमेरिकेत काम करत होते. टंगस्टन ऑक्साइडच्या पातळ थराला वीज दिली की तो निळा होतो, हे त्यांनी 1969 साली प्रसिद्ध केलं. गंमत म्हणजे त्यांच्या निबंधाचा विषय खिडकी नव्हताच, चित्र उमटवण्याची नवी पद्धत होता. 1973च्या तेलसंकटानंतर इमारतींच्या वीजखर्चाकडे लक्ष गेलं आणि 1980च्या दशकात स्वीडनचे ग्रॅनक्विस्ट आदींनी ‘स्मार्ट विंडो’ ही कल्पना रुजवली. काही व्होल्टचा दाब दिला की लिथियमसारखे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, काचेवरच्या अशा थरात शिरतात, काच गडद होते. दाब उलटा केला की निवळते. रंग टिकवायला वीज जवळजवळ लागत नाही. मात्र मोठं तावदान पुरतं गडद व्हायला काही मिनिटं जातात, आणि किंमत हा अडसर अजून आहेच. अशा काचेतली नावाजलेली अमेरिकी कंपनी ‘व्ह्यू’ 2024 साली दिवाळखोरीत गेली.

विजेशिवाय, नुसत्या तापमानाने बदलणाऱ्या काचेचं मूळ आणखी जुनं. 1959 साली बेल लॅब या अमेरिकी संशोधनसंस्थेच्या मॉरिन यांना व्हॅनेडियम डायऑक्साइड या संयुगाचा स्वभाव 68 अंश सेल्सिअसला एकदम पालटतो असं आढळलं. त्याहून तापला की तो उन्हातली उष्णता अडवतो. घराच्या दृष्टीने 68 अंश म्हणजे फारच. थोडं टंगस्टन मिसळून तो आकडा खाली आणता येतो. पण ही काच पिवळट-तपकिरी दिसते, आणि तसल्या काचेतून रोज बाहेर बघायला लोक तयार होत नाहीत.