चांगला आवाज ओळखायला तयार कान लागतो का?

हाय-फायच्या, म्हणजे भारी स्पीकर आणि म्युझिक सिस्टीमच्या दुकानात शिरलं की साधा माणूस आधी बिचकतो, कारण तिथे साउंडस्टेज, वॉर्म्थ, एअर असलं काहीबाही चालू असतं, वायरीची किंमत ऐकून घाम फुटतो आणि मग "जाऊ दे, आपल्याला काय कळतंय त्यातलं" म्हणत तो टीव्हीखाली ठेवायचा साउंडबार घेऊन घरी येतो. पण त्याला कळतं! आणि हे मी त्याला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये, हे रीतसर तपासलेलं आहे.

फ्लॉइड टूल हे कॅनडातल्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमधले संशोधक. पडद्याआड स्पीकर लपवायचे, सगळ्यांचा व्हॉल्यूम अगदी सारखा करायचा (किंचित मोठा वाजला तरी तोच चांगला वाटतो, हा आपल्या कानांचा जुना घोळ) आणि लोकांना नुसतं ऐकून मार्क द्यायला लावायचे, अशी त्यांची पद्धत. १९९१ मध्ये ते अमेरिकेत हरमन कंपनीत गेले, जेबीएल त्यांचाच ब्रँड. तिथे तर स्पीकर सरकवणारं यंत्रच बसवलं, म्हणजे प्रत्येक स्पीकर काही सेकंदांत बरोब्बर त्याच जागी येऊन वाजणार.

त्यांचे सहकारी शॉन ऑलिव्ह यांनी २००३ मध्ये एका मोठ्या टेस्टचे निकाल छापले. चार स्पीकर, ऐकणारे २६८. त्यातले फक्त १२ ट्रेनिंग घेतलेले, बाकी दुकानदार, सेल्सवाले, ऑडिओ समीक्षक, कॉलेजची पोरं. कुठला स्पीकर चांगला आणि कुठला वाईट, हा क्रम जवळपास सगळ्यांचा सारखाच आला. ट्रेनिंगवाले जास्त कडक मार्क देत होते आणि पुन्हा ऐकवलं तरी मत बदलत नव्हते, फरक काय तो एवढाच.

सगळ्यांना आवडलं ते काय, तर जो स्पीकर कुठलाच सूर उगाच फुगवत नाही किंवा दाबत नाही, आणि समोरून जसा वाजतो साधारण तसाच बाजूनेही वाजतो. हे बाजूचं महत्त्वाचं आहे, कारण घरात आपण जे ऐकतो त्यातलं बरंचसं भिंती-छतावर आपटून येतं. आणि १९९४ च्या टेस्टमध्ये पडदा काढल्यावर काय झालं माहितीये? मोठ्या, महागड्या स्पीकरांचे मार्क वाढले आणि छोटा स्वस्त सेट खाली घसरला. आवाज तोच, फक्त खोकी दिसली.

वायरीचंही बघा. घरात एसीला घालतात ती २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घेतली आणि स्पीकर पाच मीटर लांब असला, तर जाऊन-येऊन रोध भरतो साधारण ०.०७ ओहम. समोर स्पीकर आठ ओहमचा. आता यात महागड्या वायरीच्या टोकांवरचा सोन्याचा मुलामा काय दिवे लावणार?

खरा खेळ खोलीचा आहे, आणि दुकानात त्याबद्दल कोणी बोलत नाही कारण तिथे विकायला काही नसतं. दहा फूट रुंद हॉल धरा. ५६ हर्ट्झच्या (सेकंदाला ५६ कंपनं, म्हणजे खोल बेसच्या) आसपासच्या सुराची अर्धी लाट म्हणजे बरोबर दहा फूट, त्यामुळे तो सूर दोन भिंतींमध्ये अडकून घुमत राहतो. त्यापैकी एका भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर तो धमधमतो आणि तोच सूर रुंदीच्या बरोबर मध्यावर बसलं की जवळजवळ गायब होतो. पडदे लावून हे जात नाही, इतक्या लांब लाटेला पडदा काय अडवणार. स्पीकर कोपऱ्यात असेल तर बेस अजून फुगतो, म्हणून आधी तो कोपऱ्यातून फूट-दोन फूट पुढे ओढा, सोफा भिंतीपासून थोडा सुटा करा, आणि तेच गाणं परत लावा. त्यानंतरही आवाज घोगरा वाटला तर नवीन स्पीकर बघायला जा, फक्त ऐकताना किंमत शेवटी विचारा.