कुंडीभर पोकळ्यांचा हिशेब

पावसाळा तोंडावर आला की नर्सरीत दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं दिसतात. एक जण रंगीत छपाईची, ‘प्रीमियम’ लिहिलेली पाच किलोची पिशवी उचलतो. दुसरा लाल मातीचं पोतं आणि शेणखत रिक्षात टाकून घरी नेतो. पहिल्याला वाटतं, महाग आहे म्हणजे त्यात पोषण जास्त असणार. दुसऱ्याला वाटतं, माती ती माती, तिला एवढे पैसे कशाला मोजायचे? माझ्या मते दोघांच्याही हिशेबाची सुरुवातच चुकते. कुंडी भरताना आपण मुख्यतः पोकळ्या विकत घेत असतो. मुळांना हवा मिळेल अशा मोठ्या पोकळ्या, आणि पाणी धरून ठेवतील अशा बारीक पोकळ्या. खत नंतर केव्हाही देता येतं, पोकळ्या मात्र कुंडी भरतानाच ठरतात.

हे का, ते समजायला भांडी घासायचा एक नवा स्पंज पुरे. तो पाण्यात पूर्ण भिजवा आणि न पिळता हातावर आडवा धरा. थोडं पाणी गळेल आणि थांबेल. आता तोच स्पंज उभा करा, लांब बाजू वर-खाली येईल असा. थांबलेली गळती पुन्हा सुरू होते. स्पंज तोच, भोकंही तीच, तरी उभा केल्यावर त्यात कमी पाणी राहतं. कारण तळाशी पाण्याचा एक थर अडकून बसतो. केशाकर्षणामुळे, म्हणजे बारीक पोकळ्या पाणी ओढून धरतात म्हणून, तो खाली पडत नाही, आणि त्याची उंची ठरते ती पोकळ्यांच्या आकारावर, स्पंजाच्या उंचीवर नाही. कुंडीत नेमकं हेच घडतं. शेतात पाणी खालच्या मातीत ओढलं जातं. कुंडीला तळ असतो, आणि त्या तळाशी एक पाणथळ थर कायमचा मुक्काम करतो. माती जितकी बारीक, तितका तो थर उंच. सहा इंची उथळ कुंडीत बारीक माती भरली तर निम्मीअधिक मुळं त्या चिखलातच राहतात.

म्हणूनच तळाशी खापऱ्या किंवा खडी अंथरली की निचरा सुधारतो, ही आपल्याकडची घट्ट समजूत खरी नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांमध्ये सहजी उतरत नाही. ते वरच्या थरातच अडून राहतं, आणि पाणथळ भाग खडीच्या उंचीइतका वर सरकतो. भोकातून माती वाहून जाऊ नये म्हणून एखादी खापरी ठेवायला हरकत नाही, त्याहून जास्त काही घालू नये. निचरा हवा असेल तर जाडसर माल सगळ्या मिश्रणात मिसळावा लागतो.

आता आपल्या मातीचं पाहू. दख्खनच्या बेसॉल्टपासून झालेल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकण खनिज भरपूर असतं. पोषकद्रव्यं धरून ठेवण्यात ते पटाईत आहे. त्याची धन-आयन विनिमय क्षमता, म्हणजे पोषकद्रव्यं धरण्याची ताकद, १०० ग्रॅममागे साधारण ८० ते १२० मिलिइक्विव्हॅलंट असते. कोकण-गोव्याच्या लाल जांभ्या मातीतल्या केओलिनाइट या चिकण खनिजाची जेमतेम ३ ते १५. शेतात काळी माती हे वैभव आहे. पण हे खनिज पाणी प्यायलं की फुगतं आणि सुकलं की आकसतं. कुंडीत काळी माती सुकली की ती कडेपासून सुटते, मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. झाडाला रोज तांब्याभर पाणी घालूनही ते मलूल का, याचं उत्तर पुष्कळदा या फटीत असतं. लाल माती इतकी फाटत नाही, पण नुसती भरली तर ती दबून घट्ट होते आणि तिच्यात अन्नही फारसं टिकत नाही. म्हणून दोन्हींपैकी कुठलीही माती कुंडीत एकटी नको. मिश्रणाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत ती असावी, वजन आणि खनिजं देण्यापुरती.

कुंडीसाठी प्रमाणबद्ध मिश्रण करावं हा विचार तसा अलीकडचा आहे. १९३०च्या दशकात लंडनजवळ मर्टन इथल्या जॉन इनेस संस्थेत आनुवंशिकतेच्या प्रयोगांसाठी प्रिम्युला सायनेन्सिस नावाची फुलझाडं वाढवली जात. रोपं मरून प्रयोगच बुडू लागले, तेव्हा विल्यम लॉरेन्स आणि जे. न्यूएल यांनी कुंडीच्या मातीचाच पद्धतशीर अभ्यास केला. वाफेने निर्जंतुक केलेली पोयट्याची माती सात भाग, पीट (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ) तीन भाग, जाड वाळू दोन भाग, आणि वर मोजून खत. संस्थेने ही कृती सर्वांसाठी खुली केली, कुणीही करावी आणि विकावी. पुढे एकसारखी चांगली माती मिळेना, तेव्हा १९५०च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाने वाळू आणि पीटवर, तर १९६०च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठाने पीटसोबत व्हर्मिक्युलाइट-पर्लाइट हे तापवून फुलवलेले हलके खनिज दाणे घालून बिनमातीची मिश्रणं बसवली. आज पिशवीतून जे येतं ते याच परंपरेतलं आहे, फक्त आपल्याकडे पीटच्या जागी तमिळनाडूतल्या पोल्लाचीसारख्या ठिकाणी नारळाच्या शेंड्यांपासून निघणारं कोकोपीट असतं. या सगळ्या खटाटोपात शास्त्रज्ञांना हवा होता तो एकसारखेपणा. दहावी कुंडी पहिल्या कुंडीसारखीच वागली पाहिजे. चांगल्या पिशवीचे जादा पैसे जातात ते यासाठी, आणि जिथे एकसारखेपणाची खरंच गरज आहे तिथे ते मोजावेत.

पैशांचा हिशेब किलोत करू नये, लिटरमध्ये करावा. पिशवीच्या वजनात ओलावा किती हे बाहेरून दिसत नाही, आणि कुंडी भरते आकारमानाने. बारा इंची कुंडीत साधारण १५ लिटर मिश्रण मावतं. गोल आकडे धरू, तुमच्या गावचे दर त्यांच्या जागी घाला. तयार मिश्रणाची पाच किलोची पिशवी २५० रुपयांना मिळाली आणि त्यातून दहा लिटर निघालं, तर लिटरला २५ रुपये, कुंडीला ३७५. घरी करायचं तर पाच किलोची कोकोपीटची वीट २५० रुपयांची धरा. ती भिजून सुमारे ७० लिटर होते, म्हणजे लिटरला साडेतीन रुपये. गांडूळखत २० रुपये किलो धरलं तर लिटरला सुमारे १४, माती ५, भाताचं तूस २. चार भाग कोकोपीट, तीन भाग गांडूळखत, दोन भाग माती, एक भाग तूस घेतलं तर सरासरी पावणेसात रुपये लिटर पडतं.

इथे एक खाच आहे. दहा लिटर वेगवेगळ्या वस्तू मिसळल्या की दहा लिटर मिश्रण होत नाही, बारीक कण जाड कणांच्या फटीत शिरतात. साधारण साडेआठ लिटर हाती येतं, म्हणून दर आठ रुपये धरावा. कुंडीला १२० रुपये. आणि गांडूळखताऐवजी घरच्या ओल्या कचऱ्याचं नीट मुरलेलं कंपोस्ट वापरलं तर पन्नासच्या आत. सगळ्यात महाग घटक खत आहे, आणि तोच आपण घरी तयार करू शकतो, हे मला या साऱ्या हिशेबातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

पण घरच्या मिश्रणाची किंमत रुपयांत संपत नाही. कोकोपीटमध्ये पोटॅशियम आणि सोडियमचे क्षार असतात, विशेषतः शेंड्या खाऱ्या पाण्यात कुजवल्या असतील तर. वीट भिजवून, पिळून, पाणी दोन-तीनदा बदलावं लागतं, नाहीतर कोवळ्या रोपांच्या पानांच्या कडा करपतात. शेणखत अर्धवट कुजलेलं असेल तर त्यातून हुमणीच्या पांढऱ्या, इंग्रजी ‘सी’सारख्या वाकलेल्या अळ्या कुंडीत येतात आणि मुळं कुरतडतात. चांगलं मुरलेलं खत हातात चुरगळतं, त्याला शेणाचा वास येत नाही, पावसानंतरच्या मातीचा येतो. ताजा लाकडाचा भुसा किंवा उसाचं ओलं चिपाड तर थेट मिसळूच नये. त्यांच्यात कार्बन फार आणि नायट्रोजन कमी असतो. ते कुजवताना जिवाणू मातीतला नायट्रोजन उचलतात आणि झाड पिवळं पडतं. चिपाड आधी काही महिने कुजू द्यावं, मग त्यासारखा स्वस्त आणि हलका माल नाही.

मिश्रण जमलं की नाही हे घरीच मोजता येतं, आणि मला वाटतं प्रत्येकाने एकदा मोजावं. वापरायच्या कुंडीइतक्या खोलीचा प्लास्टिकचा डबा घ्या, तळाला चार भोकं पाडून त्यांवर चिकटपट्टी लावा. आधी रिकाम्या डब्यात किती पाणी मावतं ते मोजून ठेवा. मग ओलसर मिश्रण हलकेच भरा, डबा दोनदा आपटा, आणि पृष्ठभाग चकाकेपर्यंत सावकाश पाणी ओता. आता डबा परातीवर धरून पट्ट्या काढा आणि तासभर निथळू द्या. परातीत जमलेलं पाणी म्हणजे निथळल्यावर मिश्रणात शिरलेली हवा. ते डब्याच्या आकारमानाच्या १० ते २० टक्के भरलं तर मिश्रण उत्तम. पाच टक्क्यांच्या आसपास असेल तर तूस, विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे किंवा पर्लाइट वाढवा. महागड्या पिशवीलाही हीच परीक्षा लावा. कधीकधी तीत नुसता बारीक चुरा भरलेला निघतो.

बी रुजवण्याच्या ट्रेसाठी मात्र मी तयार मिश्रणच घ्यायला सांगेन. तिथे लागतं दोन-चार लिटर, आणि घरच्या खतातल्या बुरशीने रोपं जमिनीलगत कोलमडली तर महिना वाया जातो. दोन-तीनच कुंड्या असतील आणि घरात घमेलं ठेवायलाही जागा नसेल, तरीही पिशवीच बरी. पिशवी उघडताना आपला चेहरा दूर ठेवावा आणि माल जरा ओला करून घ्यावा. कुंडीच्या मिश्रणांत लिजिओनेला लाँगबीची हा फुप्फुसांना बाधणारा जिवाणू सापडतो, ऑस्ट्रेलियात तर पिशव्यांवर तशी सूचनाच छापतात. घरचं कंपोस्ट हाताळतानाही हीच काळजी घ्यावी.

गच्चीवर वाफे करणाऱ्यांनी वजनाकडे आधी पाहावं. माणसांची ये-जा असलेल्या सपाट छतासाठी भारतीय मानकात धरलेला भार चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन आहे, म्हणजे साधारण १५० किलो. नुसत्या मातीचा दहा सेंटिमीटरचा थर भिजला की तेवढ्याच जागेत १७० किलोंच्या वर जातो. तिथे स्वस्त मातीचा हट्ट धरू नये. चिपाड, पालापाचोळा आणि कंपोस्टवर भर द्यावा, आणि इमारत जुनी असेल तर आधी अभियंत्याला दाखवावी.

उरतो प्रश्न जुन्या मिश्रणाचा. हंगाम संपला की पुष्कळ जण ते टाकून देतात आणि नवी पिशवी आणतात. गरज नसते. सेंद्रिय भाग कुजून मिश्रण दोन-चार बोटं खाली बसलेलं असतं, इतकंच. मुळं चाळून काढा, मिश्रण किंचित ओलं करून पारदर्शक प्लास्टिकखाली एप्रिल-मेच्या उन्हात चार-सहा आठवडे ठेवा, मग चौथा हिस्सा कंपोस्ट आणि दोन मुठी तूस मिसळा. टोमॅटो, वांगी, मिरची ही एकाच कुळातली. त्यांपैकी एखादं झाड मर रोगाने गेलं असेल, तर ते मिश्रण या तिघांना पुन्हा देऊ नका. त्यात मेथी किंवा मुळा लावा.