इजीआर व्हॉल्व्ह आणि इंजिनाचा परफॉर्मन्स

इजीआर (एक्झॉस्ट गॅस रिसर्क्युलेशन) व्हॉल्व्ह म्हणजे इंजिनातून बाहेर पडणारा थोडा धूर परत इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत जायच्या वाटेत, सोडणारी झडप. एकदा जळालेला धूर परत आत कशाला, असं कुणालाही वाटेल, पण गंमत तीच आहे, त्या धुरात जळण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं, तो नुसता जागा अडवतो आणि उष्णता शोषतो, त्यामुळे सिलिंडरमधलं तापमान जास्त चढत नाही आणि साधारण १४०० अंश सेल्सिअसच्या वर भराभर तयार होणारे नायट्रोजन ऑक्साइड कमी होतात. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला गाड्यांत हे यायला लागलं, तेही प्रदूषणाच्या नियमांमुळेच.

इजीआरने पिकअप मरतो असं सर्रास बोललं जातं. अर्धंच खरं आहे ते. व्हॉल्व्ह नीट चालत असेल तर फुल ॲक्सिलरेटर दिल्यावर तो बहुतेक गाड्यांत बंदच होतो, म्हणजे जिथे खरी ताकद लागते तिथे त्याची लुडबुड नसते. पेट्रोल गाडीत तर हलक्या लोडवर उलट थोडा फायदाच, कारण थ्रॉटल, म्हणजे आत येणारी हवा कमी-जास्त करणारी झडप, जरा जास्त उघडा राहतो आणि हवा ओढायला इंजिनाला कमी जोर लावावा लागतो.

खरी डोकेदुखी डिझेलमध्ये. धूर आत आला की ऑक्सिजन कमी, ऑक्सिजन कमी की काजळी जास्त, आणि त्या काजळीत क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या भागातून) येणारी ऑइलची वाफ मिसळली की डांबरासारखा थर बसतो. जुना व्हॉल्व्ह खोलून बघा, बोटाला काळं चिकट लागतं आणि मधली पिन हाताने हलतसुद्धा नाही.

तो उघडा अडकला तर आयडलिंगला गाडी थरथरते, कधी बंद पडते, पिकअप जातो, डिझेल असेल तर काळा धूर. बंद अडकला तर ड्रायव्हरला बरेचदा पत्ताच लागत नाही, पेट्रोल गाडी चढावर नॉकिंग करते, म्हणजे इंजिनातून टकटक आवाज येतो, एवढंच, आणि स्कॅनरला पी०४०१ कोड दिसतो, म्हणजे इजीआरमधून धूर पुरेसा जात नाहीये. नुसती काजळी असेल तर क्लीनरने साफ करून भागतं, व्हॉल्व्हची मोटर किंवा सेन्सर गेला असेल तर बदलावाच लागतो. काहीजण पत्री लावून कायमचा बंद करतात, पण त्याने नायट्रोजन ऑक्साइड वाढतात, चेक इंजिन लाइट लागतो आणि बऱ्याच देशांत ते बेकायदा आहे.

आणि कूलंट कमी होतंय, बाहेर गळती दिसत नाही, पांढरा धूर येतोय, असं असेल तर व्हॉल्व्हच्या मागे न लागता आधी इजीआर कूलर, म्हणजे परत जाणारा धूर कूलंटने थंड करणारा भाग, तपासा, तो आतून गळत असेल तर कूलंट इंजिनात जातं.