घरच्या स्टुडिओसाठी मिक्सर घ्यावा की संगणकावर मिक्सिंग करावे?

घरी ध्वनिमुद्रण सुरू करायचे ठरवून आमच्या दुकानात येणारे बरेच ग्राहक आधी मिक्सरच मागतात. ते स्वाभाविकही आहे, कारण गणेशोत्सवाच्या मांडवात, लग्नाच्या कार्यालयात किंवा नाट्यगृहात आवाज सांभाळणाऱ्या माणसासमोर आपण सर्वांनी मिक्सरच पाहिलेला असतो. परंतु मांडवातले काम आणि घरातले काम निराळे आहे. मांडवात आवाज त्याच क्षणी श्रोत्यांपर्यंत पोहोचवायचा असतो. घरात तो साठवून, पुन्हा पुन्हा ऐकून, दुरुस्त करून मग लोकांपुढे ठेवायचा असतो. खरेदीचा निर्णय या फरकावर व्हावा, असे आम्हांला मनापासून वाटते.

सर्वांत जास्त गैरसमज ‘यूएसबी मिक्सर’ या शब्दांमुळे होतो. मिक्सरला आठ-दहा जोडण्या आहेत आणि मागे यूएसबीचे छिद्र आहे, म्हणजे आठ-दहा आवाज संगणकात वेगवेगळे उतरतील, अशी समजूत होते. प्रत्यक्षात या वर्गातले बहुतेक मिक्सर संगणकाला फक्त डावा आणि उजवा असे दोनच ट्रॅक पाठवतात. यामाहाचा एमजी१०एक्सयू हा चांगल्या बांधणीचा आणि स्वच्छ आवाजाचा मिक्सर आहे, पण त्याच्या दहा चॅनेलपैकी (आवाज आत येण्याच्या वाटांपैकी) फक्त चारांनाच माइक जोडता येतो आणि संगणकाकडे जाणारे ट्रॅक दोन असतात. समजा, गायक, संवादिनी, तबला आणि टाळ यांचे मुद्रण तुम्ही त्यावर एकत्र केले आणि दुसऱ्या दिवशी ऐकताना तबला गळ्यावर चढलेला आढळला, तर तो एकटा खाली आणता येत नाही. मळलेल्या कणकेतून मीठ वेगळे काढता येत नाही, तसेच हे आहे. मुद्रणाच्या वेळी बेस-ट्रेबलचे जे बटण फिरवले असेल, तेही त्या दोन ट्रॅकमध्ये कायमचे मुरते.

सगळेच मिक्सर असे नसतात. साउंडक्राफ्टचा सिग्नेचर १२ एमटीके संगणकाला १४ ट्रॅक स्वतंत्रपणे पाठवतो आणि १२ परत घेतो. झूमचा लाइव्हट्रॅक एल-१२ संगणकाशिवायही १२ चॅनेल एसडी कार्डावर वेगवेगळे साठवतो, शिवाय पाच जणांना हेडफोनवर आपापल्या सोयीचे मिश्रण ऐकवतो. म्हणून मिक्सर कोणाकडूनही घ्या, पण दोन प्रश्न अवश्य विचारा: एका वेळी किती माइक जोडता येतात, आणि संगणकात किंवा कार्डावर स्वतंत्र ट्रॅक किती उतरतात? खोक्यावरचा मोठा आकडा या दोन्ही प्रश्नांचे उत्तर देत नाही.

संगणकावर मिक्सिंग करायचे असेल, तर मिक्सरच्या जागी माइकचा आवाज संगणकात उतरवणारा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे बोलीभाषेत ज्याला आपण साउंड कार्ड म्हणतो ते, लागते. एकट्याने काम करणाऱ्याला दोन माइकचे कार्ड पुरते, कारण आज तबला, उद्या संवादिनी आणि परवा गाणे असे एकावर एक ट्रॅक चढवता येतात आणि प्रत्येक ट्रॅक अखेरपर्यंत वेगळा राहतो. याहून मोठा लाभ स्मरणाचा आहे. सहा महिन्यांनी एखाद्याने ‘अंतऱ्यात आवाज थोडा पुढे हवा होता’ असे म्हटले, तर फाइल उघडताच प्रत्येक फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) आणि प्रत्येक इफेक्ट जसाच्या तसा समोर येतो. साध्या अ‍ॅनालॉग मिक्सरवर मात्र प्रत्येक बटणाची जागा आधी टिपून ठेवावी लागते, आणि तरीही तंतोतंत तोच आवाज येईल याची खात्री नसते. मुद्रण २४ बिटमध्ये करावे. त्याचा सैद्धांतिक आवाका, म्हणजे सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर, १४४ डेसिबल, तर १६ बिटचा ९६ डेसिबल असतो. त्यामुळे गेन (माइकचा आवाज वाढवण्याचे प्रमाण) फार वर न नेता सर्वांत मोठा सूर सॉफ्टवेअरच्या मापकावर, जिथे शून्य ही कमाल मर्यादा असते, उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असे ठेवले, तरी काही गमावत नाही. माइकपाशीच फाटलेला आवाज मात्र नंतर कोणतेही सॉफ्टवेअर पूर्णपणे सांधू शकत नाही.

मिक्सरचा खरा वरचष्मा आहे तो लेटन्सीच्या बाबतीत. आवाज संगणकात जाऊन हेडफोनमध्ये परत येईपर्यंत जो उशीर होतो, त्याला लेटन्सी म्हणतात. ४८,००० हर्ट्‌झवर (सेकंदाला ४८,००० सॅम्पल, म्हणजे आवाजाचे नमुने) बफर, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो नमुन्यांचा गठ्ठा, १२८ सॅम्पलचा असेल, तर एका दिशेला सुमारे २.७ मिलिसेकंद लागतात. तोच १,०२४ केला, तर २१ मिलिसेकंदांहून अधिक. आवाज हवेतून एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद घेतो, म्हणजे पहिला उशीर शेजारी बसलेल्या तबलजीइतका, तर दुसरा सात मीटर दूर बसलेल्या तबलजीइतका. आणि जाणे-येणे धरले, तर तो दुपटीहून थोडा अधिकच होतो. अशा वेळी गायकाचा ताल डगमगला, तर दोष गायकाचा नसतो. मिक्सरवर गायकाला स्वतःचा आवाज संगणकात न शिरताच ऐकू येतो. आजच्या बहुतेक साउंड कार्डांवरही थेट ऐकण्याची सोय असते. ती वापरावी, मुद्रणाच्या वेळी बफर लहान आणि मिक्सिंगच्या वेळी मोठा ठेवावा, आणि विंडोजवर कार्ड बनवणाऱ्या कंपनीचाच एएसआयओ ड्रायव्हर (कार्ड आणि संगणक यांना कमी उशिराने जोडणारे सॉफ्टवेअर) बसवावा.

पडद्याकडे पाहून मिक्सिंग करताना कानांऐवजी डोळेच निर्णय घेऊ लागतात, ही अनुभवी वादकांची तक्रार आम्हांला रास्त वाटते. दोन फेडर दोन बोटांनी एकदम सरकवण्यातली सहजता माउसला येत नाही. पण तेवढ्यासाठी मिक्सर घेण्याची गरज नाही. बेरिंजरच्या एक्स-टचवर मोटरने चालणारे नऊ फेडर आहेत, तर प्रीसोनसच्या फेडरपोर्टच्या लहान आवृत्तीत एकच आहे. या उपकरणांतून आवाज जात नाही, ती केवळ सॉफ्टवेअरचे फेडर हलवतात.

निगा दोन्हीकडे लागते. कोकणातील दमट हवेत आणि धुळीच्या घरांत मिक्सरचे फेडर काही काळाने खरखरू लागतात, म्हणून काम संपल्यावर तो झाकावा. संगणकाच्या बाबतीत गाण्याची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवण्याचा आळस करू नये. हेडफोनमध्ये ५० हर्ट्‌झची घरघर येत असेल, तर आधी घराचे अर्थिंग तपासून घ्यावे. घरघर घालवण्यासाठी प्लगची अर्थची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो कृपया ऐकू नका. त्यात जिवाला धोका आहे.

तर आमचे मत असे: एकटे गायक, निवेदक, पॉडकास्ट करणारे आणि एकेक वाद्य चढवत जाणारे संगीतकार यांनी साउंड कार्ड आणि सॉफ्टवेअर घ्यावे आणि वाचलेले पैसे माइकमध्ये व खोलीतील घुमणारा आवाज आवरण्यासाठी जाड पडदे, गाद्या यांत घालावेत. चार-पाच जणांना एकत्र बसूनच वाजवायचे असेल, जसे भजनी मंडळात असते, तर स्वतंत्र ट्रॅक देणारा मिक्सर घ्यावा आणि अंतिम मिक्सिंग संगणकावर करावे. दोनच ट्रॅक देणारा मिक्सर, कार्यक्रमही करणाऱ्यांखेरीज इतरांना घरच्या स्टुडिओसाठी आम्ही सुचवत नाही. सॉफ्टवेअरवर घाईने खर्च करू नये: रीपर ६० दिवस विनामूल्य वापरून पाहता येते आणि अ‍ॅपलच्या संगणकांसाठी गॅरेजबँड मोफत मिळते.

दुकानात येताना शक्य असल्यास आपला लॅपटॉप, नेहमीचे हेडफोन आणि नेता येण्याजोगे वाद्य सोबत आणावे. दोन्ही पद्धतींनी पाच-दहा मिनिटांचे मुद्रण करून आम्ही ते आपल्या पेनड्राइव्हवर देतो. घरी निवांत ऐकूनच खरेदीचे ठरवावे.