मेपलच्या बॅटवरचा शाईचा ठिपका

२०२५ चा बेसबॉल हंगाम सुरू होतो न होतो तोच 'टॉर्पेडो बॅट' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला. २९ मार्चला न्यूयॉर्क यांकीज संघाने मिलवॉकीच्या संघाविरुद्ध एका सामन्यात नऊ होमरन (बहुधा थेट मैदानाबाहेर जाणारे फटके) ठोकले. त्यांच्या काही फलंदाजांच्या बॅटचा सर्वांत जाड भाग नेहमीपेक्षा हँडलच्या बाजूला सरकवलेला होता. झालं, दुकानांत तशाच बॅटची मागणी सुरू झाली. पण त्या दिवशी तीन होमरन मारणारा ॲरन जज नेहमीच्याच आकाराची बॅट वापरत होता, ही गोष्ट त्या गदारोळात मागे पडली.

अमेरिकेत प्रौढांच्या हौशी लीगमध्ये लाकडी बॅटचे सामने भरपूर होतात. ॲल्युमिनियमच्या बॅटवर वाढलेला खेळाडू तिथे पहिल्यांदा लाकडाकडे वळतो आणि आकार, रंग, आवडत्या खेळाडूचं मॉडेल यांत अडकतो. माझं म्हणणं असं की आधी लाकडाचे तंतू कुठल्या दिशेने धावतायत ते बघा. बाकी सगळं नंतर.

अनेक दशकं बेसबॉलची बॅट म्हणजे ॲश या झाडाच्या लाकडाची बॅट. १९९० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडात ओटावाच्या सॅम होल्मन यांनी मेपल या दुसऱ्या झाडाच्या लाकडाच्या बॅट आणल्या. २००१ मध्ये फलंदाज बॅरी बाँड्सने मेपलच्या बॅटने एका हंगामात ७३ होमरनचा विक्रम केला आणि मेपलची लाट आली. मेपल ॲशपेक्षा घट्ट आणि कठीण. त्यामुळे ती कमी मोडेल, असा समज पसरला. प्रत्यक्षात ॲशची बॅट बहुधा तडकते किंवा तिचे पापुद्रे सुटतात, तर मेपलचे दोन तुकडे होऊन त्यातला टोकदार तुकडा हवेत भिरभिरत जाण्याचं प्रमाण जास्त दिसलं. २००८ मध्ये अशा तुकड्यांनी माणसं जखमी झाली, तेव्हा मेजर लीगने, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल लीगने, तज्ज्ञांना कामाला लावलं. त्यांत विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन इथली अमेरिकी वनखात्याची लाकूड प्रयोगशाळा होती. त्या जुलै ते सप्टेंबरमध्ये मोडलेल्या २,२३२ बॅट तपासल्या गेल्या. मुख्य दोषी निघाला तो तंतूंचा तिरकेपणा.

लाकूड म्हणजे लांबट, पोकळ पेशींचा गठ्ठा, दोरीने करकचून बांधलेल्या खराट्यासारखा. तंतूंच्या लांबीच्या दिशेने ताणलं तर लाकूड प्रचंड जोर सोसतं. तंतूंना एकमेकांपासून वेगळं करणारा जोर मात्र त्याला फारच कमी झेपतो. म्हणून तर कुऱ्हाड उभी घातली की ओंडका सहज दुभंगतो. चेंडू लागला की बॅट क्षणभर वाकते, एका बाजूला ताण येतो, दुसरीला दाब. तंतू हँडलच्या अक्षाला समांतर असतील तर तो ताण सबंध तंतू झेलतात. ते तिरके असतील तर त्याच ताणाचा काही भाग तंतूंमधल्या जोडांवर येतो आणि भेग तंतूंच्या कडेने तिरकी धावत आरपार जाते. भाल्यासारखं टोक तयार होतं ते यामुळेच.

हा तिरकेपणा किती महाग पडतो, ते आकड्यांतून कळतं. २० इंच लांबीत तंतू १ इंच सरकले, म्हणजे सुमारे ३ अंश कलले, तर आघात सोसण्याची क्षमता सरळ लाकडाच्या सुमारे ९० टक्के राहते. १० इंचांत १ इंच असेल तर ती ६२ टक्क्यांवर येते, आणि ५ इंचांत १ इंच झालं की जेमतेम ३६. संथपणे वाकवण्याच्या चाचणीत मात्र याच तीन तिरपांना ९३, ८१ आणि ५५ टक्के बळ उरतं. म्हणजे अचानक बसणाऱ्या फटक्याला तिरका तंतू जास्त घाबरतो, आणि चेंडू-बॅटची टक्कर तर सेकंदाच्या हजाराव्या भागात आटोपते.

मग दुकानात हे डोळ्यांना दिसत का नाही? ॲशमध्ये वसंतात वाढलेल्या थरात मोठी छिद्रं रांगेने असतात, त्यामुळे रेषा ठळक उमटतात. मेपलमध्ये छिद्रं बारीक आणि सगळीकडे सारखी विखुरलेली. त्यात झाडं बरेचदा पीळ घेत वाढतात. हा पीळ वलयांच्या रेषांवरून समजतच नाही. वलयं सरळ दिसतात आणि तंतू तिरके असतात. यावरचा उपाय मला फार आवडतो. हँडलवर शाईचा एक ठिपका देतात. केशाकर्षणाने शाई छिद्रनलिकांमधून पसरते आणि तंतूंची खरी दिशा बारीक रेघांनी दाखवते. रेघा हँडलच्या अक्षापासून ३ अंशांच्या आत असल्या पाहिजेत, असा मेजर लीगचा नियम झाला. पुढच्या काही वर्षांत तुकडे होऊन उडणाऱ्या बॅटचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. मेपलच्या बॅटवर हा ठिपका नसेल तर मी ती घेणार नाही.

फटका कुठल्या बाजूने मारायचा हेही लाकडावर ठरतं. ॲशला चेंडू लागावा तो जवळजवळच्या सरळ रेषांच्या बाजूवर, नाहीतर थर सुटतात. मेपल मात्र लंबगोल नक्षी दिसते त्या बाजूवर जास्त मजबूत ठरतं. म्हणून मेपलवर लेबल पाव वळसा फिरवून छापतात. लेबल आकाशाकडे ठेवून मारलं की दोन्ही लाकडांची योग्य बाजू आपोआप पुढे येते.

आणखी एक जुनी समजूत: बॅट पोखरून आत बूच भरलं की चेंडू लांब जातो. जून २००३ मध्ये मेजर लीगचा फलंदाज सॅमी सोसा याची अशी बॅट सामन्यात मोडली आणि त्याच्यावर बंदी आली. भौतिकशास्त्रज्ञांनी हे मोजून पाहिलंय. बूच स्प्रिंगचं काम करत नाही. बॅट हलकी होऊन थोडी वेगाने फिरते, पण वस्तुमान घटल्याने टक्करीत तेवढंच, किंबहुना जास्तच, गमावते.

लांबी-वजनाचं फार अवघड नाही. बहुतेक प्रौढांना ३३ किंवा ३४ इंच पुरते आणि औंसातलं वजन इंचांच्या आकड्यापेक्षा दोन-तीनने कमी असतं. ३३ इंची बॅट साधारण ३० औंस, म्हणजे ८५० ग्रॅम. जाड बॅरलची (चेंडू लागतो त्या पुढच्या भागाची) मेपल फारच हलकी लागली तर सावध व्हा. तिचं लाकूड कमी घनतेचं असण्याची शक्यता आहे आणि असं मेपल लवकर फुटतं. टोकाला वाटी कोरून वजन कमी केलेलं असेल तर हरकत नाही. नियमाने ती सव्वा इंच खोल चालते.

चांगलं ॲश आता दुर्मीळ होत चाललंय. २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडलेल्या आशियाई हिरव्या भुंग्याच्या अळ्यांनी ॲशची कोट्यवधी झाडं मारली. त्या जागी पिवळ्या बर्चच्या बॅट येतायत. बर्च मेपलपेक्षा थोडं लवचीक, पृष्ठभागाने थोडं मऊ. नव्याने लाकडाकडे वळणाऱ्याचे बरेच फटके हँडलजवळ लागतात, आणि ते सोसायला ही लवचीकता उपयोगी पडते. त्याला मी पहिली बॅट बर्चचीच घ्यायला सांगेन.