डाळ, साबण आणि पाण्याची रसायनकथा

इंदूरच्या मराठी घरांत पाण्याचे दोन प्रकार: नर्मदेचं आणि बोअरिंगचं. वरणाची डाळ लावायला नर्मदेचं, धुण्याभांड्याला बोअरिंगचं. नर्मदा तिच्या काठच्या जलूद गावाहून शहरात आली ती १९७८ साली. त्याआधी मदार होती ती विहिरींवर, बिलावली-सिरपूर या तलावांवर आणि होळकरांच्या काळात गंभीर नदीवर बांधलेल्या यशवंत सागरावर. आजही हे पाणी सुमारे ७० किलोमीटर अंतर आणि ४०० मीटरहून जास्त चढ पार करून येतं. एका घनमीटर पाण्याचं वजन एक टन, तेव्हा पंपांचं वीजबिल काय येत असेल ते वेगळं सांगायला नको.

बोअरिंगच्या पाण्यात तूरडाळ शिजता शिजत नाही, हा दोष डाळीचा नाही आणि कुकरचाही नाही. पावसाचं पाणी हवेतून आणि मातीतून कार्बन डायऑक्साइड उचलतं, किंचित आम्ल होतं आणि माळव्याच्या काळ्या पाषाणातून झिरपताना कॅल्शियम-मॅग्नेशियम विरघळवून घेतं. डाळीच्या पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन या क्षारांमुळे आणखी घट्ट होतं. साबणाचा फेस होत नाही, उलट चिकट साका बसतो, तोही यांचाच प्रताप. गिझरच्या कॉइलवरचा पांढरा थरही तोच. ॲबरडीनचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस क्लार्क यांनी तर साबणाच्या या अडेलपणालाच पाण्याचं जडपण, म्हणजे त्यातले हे क्षार, मोजायचं साधन केलं आणि १८४१ मध्ये चुन्याने पाणी मऊ करण्याच्या कृतीचं पेटंट घेतलं. पाणी मऊ करायला त्यातच चुना घालायचा, हे ऐकायला उलटंच वाटतं. पण विरघळलेला कॅल्शियम त्यामुळे चुनखडी होऊन तळाशी बसतो.

पाणी एवढं विरघळवतं कशामुळे, हे कळायला फार काळ गेला. आपल्याकडे ते पंचमहाभूतांतलं एक, ग्रीकांकडेही मूलतत्त्वच. कॅव्हेंडिश यांनी हायड्रोजन जाळून पाणी मिळवलं आणि १७८३ मध्ये लाव्हाझिए यांनी पाणी हे संयुग असल्याचं जाहीर केलं. १८०० साली व्होल्टाच्या नव्याकोऱ्या विद्युतघटाची बातमी कानावर पडताच निकोल्सन आणि कार्लाइल यांनी वीज सोडून पाण्याचे दोन वायू वेगळे केले. तरीही डाल्टन यांच्या हिशेबात हायड्रोजनचा एकच अणू होता. आज शाळकरी मुलंही म्हणतात ते एच-टू-ओ पक्कं व्हायला १८६० नंतरची वर्षं उजाडावी लागली.

माझ्या मते खरी गंमत त्यानंतरची आहे. हायड्रोजन सल्फाइडचा रेणू पाण्याहून जवळजवळ दुप्पट जड, पण तो उणे ६० अंशांनाच उकळतो. पाणी मात्र १०० अंशांपर्यंत तग धरतं. याचा उलगडा १९२० मध्ये लॅटिमर आणि रोडबुश यांनी मांडला. पाण्याचा रेणू सुमारे १०४.५ अंशांत वाकलेला असतो. त्याचं ऑक्सिजनचं टोक किंचित ऋण, हायड्रोजनची टोकं किंचित धन. त्यामुळे शेजारचे रेणू एकमेकांना धरून राहतात. हाच तो हायड्रोजन बंध. मिठाच्या आयनांनाही, म्हणजे विद्युतभारित कणांनाही, पाण्याचे रेणू असेच वेढून सुटे करतात. तेलाला अशी टोकंच नसल्यामुळे ते बाजूला पडतं, आणि पेशीचं स्निग्ध रेणूंचं आवरण टिकतं तेही याच बाजूला पडण्यावर.

एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४.२ ज्यूल लागतात, बहुतेक पदार्थांपेक्षा कितीतरी जास्त. समुद्राकाठच्या मुंबईची रात्र म्हणूनच फारशी थंडावत नाही. समुद्रापासून दूर, कोरड्या हवेच्या पठारावर मात्र ‘शब-ए-मालवा’ची, म्हणजे माळव्यातल्या थंडगार रात्रीची, ख्याती होते. घाम सुकताना ग्रॅममागे २,४०० ज्यूलच्या आसपास उष्णता शरीरातून नेतो, मे महिन्यात माणूस तगतो तो त्यावर. बर्फ पाण्यावर तरंगतो हेही त्याच बंधांमुळे. थंड मुलखातली तळी वरून गोठली तरी खाली मासे जगतात.

पेशीत पाणी शिरतं कसं, हा प्रश्न मात्र १९९० च्या दशकापर्यंत अडून होता. पीटर आग्रे यांनी ॲक्वापोरिन ही प्रथिनं शोधली आणि त्यांना २००३ चं नोबेल मिळालं. पाण्याचे रेणू या चिंचोळ्या मार्गातून एकामागोमाग एक जातात. विद्युतभारित हायड्रोजनला मात्र आत वाव नसतो. आपली मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातले दीड-दोन लिटर सोडले तर बाकीचं पाणी रक्तात परत जातं. त्यातलं बरंचसं या वाटांनीच.